एमजीबी १९७१ : इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बसवावेत की वेगवेगळे?

लेस्टरकर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात मी इथे लेस्टरजवळ १९७१ सालची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) विकत घेतली. आधीच्या मालकाने इंजिन एकटेच वर उचलून काढले होते. चार सिंक्रोचा (म्हणजे चारही गिअर न खरखरता लागू देणारा) आणि ओव्हरड्राइव्हचा (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणाऱ्या जोडयंत्राचा) गिअरबॉक्स मात्र गाडीच्या टनेलमध्येच, म्हणजे मधल्या बोगद्यासारख्या भागात, राहिला आहे आणि त्याच्या पुढच्या टोकाखाली लाकडाचा ठोकळा लावून तो टेकवून ठेवला आहे. इंजिनाचे काम आता पूर्ण झाले आहे. ब्लॉक बोअर करून नवे पिस्टन टाकले, क्रँक घासून नवी बेअरिंग घातली, कॅमशाफ्ट आणि टॅपेटही नवे आहेत. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवीन आणून ठेवली आहे, पण ती अजून बसवलेली नाही.

माझा मुख्य प्रश्न असा आहे की गिअरबॉक्स जागेवरच ठेवून इंजिन त्याच्यावर सरकवत न्यावे, की आधी गिअरबॉक्सही बाहेर काढून, दोन्ही खाली जमिनीवर जोडून, एकत्रच गाडीत सोडावेत? पहिल्या पद्धतीत काम निम्मे वाटते, म्हणून मन तिकडे ओढ घेते. शिवाय माझ्या गॅरेजचे छत ठेंगणे आहे आणि एकत्र जोडलेले धूड तिरके करून बोनेटच्या चौकटीवरून आत न्यायला क्रेनला पुरेशी उंची मिळेल की नाही, याची शंका आहे. गिअरबॉक्स गाडीत कधीपासून तसाच पडून आहे आणि त्याच्या आत काय स्थिती आहे, हे मला माहीत नाही. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी क्रम आणि घ्यावयाची काळजी सविस्तर सांगितल्यास मी आभारी राहीन.

बी_सिरीज

नमस्कार. माझे उत्तर निःशंकपणे "एकत्र" असे आहे.

एमजीबीचा गिअरबॉक्स खालून उतरवता येत नाही. टनेलखालचा आडवा भाग वाटेत येतो, म्हणून त्याला बाहेर पडायला इंजिनाच्या जागेतून पुढे येणे हा एकच रस्ता आहे. आज इंजिन बाहेर आहे, तर तो रस्ता मोकळा आहे. उद्या इंजिन बसवल्यावर क्लचचा रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा भाग) कुरकुरू लागला, गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून तेल गळू लागले किंवा ओव्हरड्राइव्ह लागेनासा झाला, तर त्या एका लहानशा कारणासाठी आपल्याला नवे इंजिन पुन्हा उचलावे लागेल. आपण स्वतःच म्हणता की त्या गिअरबॉक्सचा इतिहास माहीत नाही. ज्याचा इतिहास माहीत नाही ती वस्तू तपासल्याशिवाय टनेलमध्ये बंद करू नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे कारण जोडणीचे आहे. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे दाते क्लच प्लेटच्या दात्यांत शिरतात आणि शाफ्टचे पुढचे बारीक टोक क्रँकच्या मागच्या बाजूला बसवलेल्या पायलट बुशमध्ये जाऊन टेकते. ही दोन्ही कामे एका सरळ रेषेत झाली तरच बेलहाऊसिंग (गिअरबॉक्सचे पुढचे घंटेसारखे कवच) इंजिनाच्या मागच्या पत्र्याला चिकटते. जमिनीवर दोन्ही वस्तू सारख्या उंचीवर टेकवता येतात, चारही बाजूंनी फट दिसते आणि हाताला अंदाज येतो. गाडीत मात्र साखळीला टांगलेले, झुलणारे इंजिन आपण टनेलच्या अंधारात लपलेल्या शाफ्टवर नेत असतो. त्यात इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे वजन क्षणभर जरी त्या शाफ्टवर लोंबकळले, तरी क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. अशी वाकलेली प्लेट डोळ्यांना दिसत नाही, पण पुढे क्लच नीट सुटत नाही, गिअर टाकताना दाते खरखरतात आणि दोष गिअरबॉक्सला दिला जातो.

जोडण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासा. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत पहिल्या गिअरला सिंक्रो नसलेला जुना गिअरबॉक्स होता आणि त्या काळातील इंजिनांचा मागचा पत्रा व फ्लायव्हील वेगळे होते. आपली गाडी त्यानंतरची आहे, पण पन्नास वर्षांत गाडीत दुसरे इंजिन आलेले असू शकते. ब्लॉकवरच्या पट्टीवरील क्रमांक पाहून आणि पत्रा बेलहाऊसिंगशी प्रत्यक्ष जुळवून खात्री करून घ्या. क्रमांक नोंदणीपत्रावरील क्रमांकाशी जुळत नसेल, तर परवाना खात्याला तसे कळवून व्ही५सी, म्हणजे ते नोंदणीपत्र, दुरुस्त करून घेणेही आवश्यक आहे.

पायलट बुश नवा घाला. तो सच्छिद्र ब्राँझचा असतो आणि आपल्या अंगात तेल धरून ठेवतो, म्हणून बसवण्यापूर्वी त्याला इंजिन ऑइल पाजावे लागते. रात्रभर तेलात बुडवून ठेवावे, किंवा बुशचे एक तोंड अंगठ्याने बंद करून आत तेल भरावे आणि दुसऱ्या बोटाने वरचे तोंड दाबून जोर द्यावा. थोड्या वेळाने बुशच्या बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब घामासारखे फुटतात. ते दिसले की बुश भिजला असे समजावे. ग्रीस मुळीच लावू नये, कारण ती छिद्रे बुजवते. बसवण्याआधी तो शाफ्टच्या टोकावर हाताने सरकवून पाहावा. अडकता कामा नये आणि डगमगताही कामा नये.

रिलीज बेअरिंग या गाडीत कार्बनचा असतो आणि काट्यात दोन लहान स्प्रिंग क्लिपांनी धरलेला असतो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवण्याच्या सवयीने तो लवकर झिजतो. त्याची किंमत एकंदर कामाच्या मानाने किरकोळ आहे, म्हणून जुना कितीही चांगला दिसला तरी नवाच घालावा. काटा ज्या बोल्टवर फिरतो तो बोल्ट आणि त्यातील बुश बहुधा लंबगोल झिजलेले असतात. तेवढ्या झिजेमुळे पेडलचा प्रवास वाया जातो आणि लोक विनाकारण मास्टर सिलिंडर बदलत बसतात.

क्लच प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे यावी हे प्लेटवर लिहिलेले असते. ते वाचूनच बसवा. प्लेट मध्यावर आणण्यासाठी प्लॅस्टिकचा गज मिळतो, पण जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर तो अधिक अचूक ठरतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळावेत.

आता जोडणी. गिअरबॉक्स कोणत्याही एका गिअरमध्ये टाकून ठेवा, म्हणजे मागची फ्लँज हाताने फिरवली की इनपुट शाफ्ट फिरेल आणि दाते आपोआप जुळतील. बेलहाऊसिंग शेवटचे अंतर हाताच्या दाबाने गेले पाहिजे. फट राहिली असताना बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह कटाक्षाने टाळा. फट राहते याचा अर्थ काहीतरी अडले आहे, आणि बोल्टने ओढले तर अडलेली वस्तू मोडते.

कोल्हापूर_ॲम्बॅसिडर

नमस्कार. मी एमजीबीवर कधी काम केलेले नाही, परंतु माझे अर्धे आयुष्य ॲम्बॅसिडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनावर गेले आहे. ते इंजिन आणि आपल्या गाडीचे १७९८ सीसी इंजिन एकाच घराण्यातील आहेत. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) याच बी सिरीज इंजिनाने १९५५ साली एमजीएची (एमजीबीच्या आधीच्या गाडीची) सुरुवात झाली आणि त्याच १४८९ सीसी रूपात ते आमच्याकडे टॅक्सीखाली आणि सरकारी गाड्यांखाली अनेक दशके धावले. म्हणून इंजिनाच्या मागच्या बाजूविषयी चार शब्द लिहितो.

बी सिरीजमध्ये सर्वाधिक डोकेदुखी मागून होणाऱ्या तेलगळतीची असते. आमच्या तीन बेअरिंगच्या क्रँकला मागे रबरी सील नाहीच; क्रँकवर कोरलेला उलटा आटा तेल परत आत ढकलतो, एवढीच व्यवस्था आहे. एमजीबीला १९६४ पासून पाच बेअरिंगचा क्रँक आला आणि आपल्या इंजिनात मागच्या पत्र्यात ओठाचे सील असते. ते सील आणि पत्र्यामागचे पॅकिंग नवे घातले आहे ना, याची इंजिन बांधणाऱ्याकडे चौकशी करा. फ्लायव्हील बसवण्याआधी पाहणे सोपे आहे. क्रँकचा ज्या जागी सीलचा ओठ घासतो, तिथे नख फिरवून बघा. नख अडले तर तिथे खाच पडली आहे आणि नवे सीलही गळणार आहे.

परंतु सील उत्तम असूनही तेल गळते, त्याचे कारण बहुतेक वेळा ब्रीदर असतो. क्रँककेसमधील वाफ आणि दाब बाहेर पडण्याची वाट जळमटाने बंद झाली की तो दाब तेलाला मागून बाहेर ढकलतो. आपल्या इंजिनात ही वाट पुढच्या टॅपेट कव्हरमधून कार्ब्युरेटरकडे जाते. त्या कव्हरच्या डब्यात जाळी असते. ती पेट्रोलने धुऊन फुंकून घ्या. इंजिन बाहेर असताना हे पाच मिनिटांचे काम आहे, गाडीत बसल्यावर मॅनिफोल्ड आडवा येतो.

बेलहाऊसिंगच्या तळाशी एक लहान भोक असते आणि त्यात एक स्प्लिट पिन सैल लोंबत ठेवलेली असते. काही जण ती निरुपयोगी समजून काढून टाकतात किंवा भोक सिलंटने बुजवतात. ती पिन हलत राहून भोक मोकळे ठेवते, म्हणजे इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे चुकार तेल क्लचवर न जाता खाली पडते. पिन नसेल तर नवी घाला.

एकत्र की वेगळे, या प्रश्नावर मी "बी_सिरीज" यांच्याशी सहमत आहे, मात्र छताच्या उंचीचा अडसर खरा असेल तर वेगळे बसवण्याची एक रीत सांगून ठेवतो. गिअरबॉक्स आधी बाहेर काढून, तपासून, टनेलमध्ये परत ठेवावा. त्यानंतर दोन लांब बोल्टची डोकी कापून त्यांचे स्टड करावेत आणि ते बेलहाऊसिंगच्या दोन बाजूंच्या भोकांत घट्ट बसवावेत. इंजिन त्या दोन स्टडवर आधी चढते आणि मग सरळ मागे सरकते, त्यामुळे शाफ्टवर वजन येत नाही. गिअरबॉक्सचे तोंड जॅकवर घेऊन इंजिनाइतकेच तिरके ठेवणे यात महत्त्वाचे आहे. ही रीत चालते, पण दोन माणसे लागतात आणि दोघांचाही हात शांत असावा लागतो.

बारा_व्होल्ट

वरील दोन्ही उत्तरांत विजेच्या जोडण्यांचा विषय आलेला नाही, म्हणून लिहितो. ओव्हरड्राइव्हचा सोलेनॉइड (त्याला चालू करणारे विजेचे चुंबक) ओव्हरड्राइव्हवरच असतो, तर रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच आणि ओव्हरड्राइव्ह फक्त तिसऱ्या व चौथ्या गिअरमध्येच लागू देणारा स्विच गिअरबॉक्सच्या वरच्या भागात असतात. गिअरबॉक्स टनेलमध्ये गेल्यावर तिथे हात पोचत नाही. गिअरबॉक्स जमिनीवर असतानाच बॅटरीची एक तार लावून सोलेनॉइड "टक" असा आवाज करतो का ते ऐका आणि मीटर लावून प्रत्येक गिअरमध्ये तो स्विच जुळतो की तुटतो हे तपासा. स्विच कमीअधिक आत जात असेल तर त्याच्याखालचे वायसर बदलून तो जुळवता येतो. रस्त्यावर ओव्हरड्राइव्ह न लागण्याच्या तक्रारींपैकी पुष्कळशा या स्विचच्या आणि जुन्या तारांच्या असतात. ओव्हरड्राइव्हचे यंत्र निर्दोष असते. तारा जुन्या, कडक झालेल्या असतील तर आत्ताच नव्या घाला आणि त्या टनेलच्या पत्र्यावर घासणार नाहीत अशा बांधा.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टी विसरू नका. इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही रबरी माउंटिंगवर बसतात, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेले असतात. पट्टी राहून गेली तर स्टार्टरचा सगळा प्रवाह चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल काही सेकंदांत तापून धूर सोडते. पट्टी लावताना दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून चकचकीत धातू काढा.

लेस्टरकर

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. मी गिअरबॉक्स बाहेर काढून एकत्र बसवण्याचे ठरवले आहे. छताचा प्रश्न गाडी अंगणात ढकलून सोडवता येईल, फक्त दिवस कोरडा हवा. आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे एकत्र जोडलेले इंजिन आत नेताना प्रत्यक्ष क्रम कसा ठेवावा आणि गिअरबॉक्सला खालून आधार देणारा मागचा आडवा सांगाडा केव्हा लावावा. आणि दुसरी म्हणजे कोरडे, नवे इंजिन पहिल्यांदा सुरू करताना तेलाचा दाब येईपर्यंत काय करावे. गिअरबॉक्समध्ये कोणते तेल घालावे याबद्दलही मतभेद वाचले आहेत.

बी_सिरीज

निर्णय योग्य आहे. अंगणातली जमीन सपाट आणि टणक असावी, एवढे मात्र पाहा, कारण जोडलेले वजन दोनशे किलोच्या आसपास जाते आणि क्रेनची लहान चाके मातीत रुततात.

रेडिएटर आणि त्याच्यामागचा उभा पत्रा काढून ठेवा. गिअरचा दांडा आतून सोडवा. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. हीटरचा व्हॉल्व्ह आणि ऑइल प्रेशरच्या गेजची तांब्याची बारीक नळी बाजूला बांधा. ती नळी एकदा मुडपली की सरळ होत नाही. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर रबरी नळीसह बाजूला टांगून ठेवा आणि तो मोकळा असेपर्यंत क्लचच्या पेडलला कोणी हात लावणार नाही याची दक्षता घ्या, नाहीतर पिस्टन बाहेर उडेल. पुढच्या पत्र्यावर जाड घोंगडी टाका.

क्रेन आणि इंजिन यांच्यामध्ये तिरकेपणा बदलणारा स्क्रूचा लेव्हलर वापरा. त्याच्याशिवाय हे काम करू नये. सुरुवातीला मागचे टोक बरेच खाली झुकलेले हवे, म्हणजे ओव्हरड्राइव्हचा लांब भाग पुढच्या क्रॉसमेंबरवरून (आडव्या तुळईवरून) सरकून बल्कहेडखाली (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या भिंतीखाली) शिरतो. ते टोक टनेलच्या तोंडाशी आले की त्याखाली चाकांचा जॅक आणि वर लाकडी फळी द्या. आता मागचे टोक जॅकवर मागे सरकत जाते, तुम्ही लेव्हलर फिरवत इंजिन हळूहळू सपाट करत जाता आणि क्रेन पुढे ढकलत राहता. या वेळी उजवीकडे स्टीअरिंगच्या सांध्याकडे एका माणसाने सतत डोळा ठेवावा. स्पीडोमीटरची केबल आणि ओव्हरड्राइव्हच्या तारा गिअरबॉक्स पूर्ण वर जाण्याआधी, खालून हात पोचतो तोवरच जोडून घ्या.

मागचा सांगाडा हा या कामातला सर्वांत चिवट भाग आहे. पुढची दोन्ही माउंटिंग बोल्ट घालून पूर्ण सैल ठेवा. गिअरबॉक्स जॅकवर असताना सांगाडा आणि त्याची रबरे आधी गिअरबॉक्सला अडकवा, मग सांगाड्याचे चारही बोल्ट हाताने चार आटे फिरवा. एखादे भोक जुळत नसेल तर संपूर्ण गिअरबॉक्स पहारीने थोडा पुढे-मागे सरकवता येतो, कारण पुढचे बोल्ट सैल आहेत. सगळे बोल्ट आत गेल्यावरच आवळायला सुरुवात करा. या गाडीचे आटे इंची आहेत. मिलिमीटरच्या पान्याने कोपरे गोल होतात. प्रॉपशाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) जोडताना नवे नट वापरा.

गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच घाला, २०डब्ल्यू-५०. ओव्हरड्राइव्ह त्याच तेलावर चालतो आणि दाट गिअर ऑइल किंवा घर्षण कमी करणारी कोणतीही मिसळ त्याला मानवत नाही. ओव्हरड्राइव्हसह जवळपास ३.४ लिटर तेल लागते. आपल्या सालच्या गाडीत ते टनेलवरच्या गालिच्याखालील रबरी बुचातून घालतात आणि तिथेच डिपस्टिक असते.

तेलाच्या दाबाविषयी. कोरड्या इंजिनात बी सिरीजचा पंप तेल ओढायला वेळ लावतो. ऑइल कूलरची जी नळी ब्लॉकच्या मागच्या बाजूला जाते, ती कूलरकडून सोडवून उंच धरा आणि तिच्यातून तेल ओता; ते उलट्या वाटेने पंपापर्यंत पोचते. फिल्टर भरून घ्या. मग चारही प्लग काढून, इग्निशनची तार सोडून, स्टार्टर थोडा थोडा वेळ फिरवा. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर भार येत नाही. गेजचा काटा उचलला की थांबा. त्याआधी इंजिन पेटवू नका.

कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे आहेत, म्हणून सुरू झाल्याबरोबर इंजिन मंद चालू ठेवू नका. ते मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास सुमारे वीस मिनिटे चालवावे लागते, कारण मंद गतीत कॅमवर पुरेसे तेल उडत नाही आणि नवे पृष्ठभाग तेवढ्यात खाल्ले जातात. यासाठी पाणी, पेट्रोल आणि टायमिंग आधीच बिनचूक असायला हवे. जस्ताचे प्रमाण पुरेसे असलेले, जुन्या इंजिनांसाठीचे तेल घ्या. इंजिन गरम झाल्यावर रस्त्याच्या वेगात ५० ते ८० पौंड आणि मंद गतीत १० ते २५ पौंड (प्रति चौरस इंच) दाब अपेक्षित आहे. पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासा आणि व्हॉल्व्हचे अंतर ०.०१५ इंचावर लावा. पहिल्या शंभरेक मैलांनंतर माउंटिंगचे, प्रॉपशाफ्टचे आणि एक्झॉस्टच्या पाइपचे नट एकदा फिरून पाहा, कारण नवी रबरे आणि पॅकिंग बसत गेली की ते हमखास सैल होतात.